तांदळाच्या डब्यातलं गोळ्यांचं पाकीट

पत्राचा सारांश: मिरज तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई २४ वर्षांच्या, बी.कॉम. झालेल्या. मे महिन्यात लग्न झालं. यजमान २९ वर्षांचे, कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये नोकरीला. घरची ऊस-हळदीची शेती आहे. गौरी जेवल्या त्या रात्री ते मंडळाच्या मांडवातून उशिरा आले आणि पहाटे चारच्या सुमाराला पलंग हलायला लागला. ताईंना वाटलं, कोयनेचा धक्का बसला. दिवा लावला तर नवरा ताठ झालेला, डोळे वर गेलेले, मग सगळ्या अंगाला झटके. सासूबाई धावत आल्या, तोंडात चमचा घातला, कांदा फोडून नाकाशी धरला. दोनेक मिनिटांत सगळं थांबलं. जीभ चावली गेली होती. सकाळी त्यांना काहीच आठवत नव्हतं. दोन दिवसांनी तांदळाच्या डब्यात ताईंच्या हाताला गोळ्यांचं पाकीट लागलं: व्हॅल्प्रोएट, ५०० मिलिग्रॅम. सोबत मेडिकलचं तीन आठवड्यांपूर्वीचं बिल, ३० गोळ्यांचं. रोज सकाळी एक, रात्री एक. पाकिटात ११ शिल्लक. सासूबाई म्हणतात, "बारावीत असताना चक्कर यायची. मेंदूचा आलेख काढला, नॉर्मल आला. गोळ्या ताकदीच्या आहेत." मावससासूबाई शेजारच्या गावच्या देवऋष्याकडे न्या म्हणतात. माहेरी वडील म्हणतात, फसवणूक झाली, परत ये. नवरा काहीच बोलत नाही. ताई विचारतात: हे बरं होतं का? मुलांना होईल का? आणि मी राहू की जाऊ?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. "सासूबाईंचा हात अंधारात चमच्याकडे न चाचपडता गेला, तेव्हाच मला कळलं की हे या घरात नवीन नाही." फिट पाहिल्याची भीती चार दिवसांनी ओसरते. आपण सोडून घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, हे मात्र आत रुतून बसतं. तुमच्यापासून मोठी गोष्ट लपवली गेली आहे. त्याचा राग येणं रास्त आहे, आणि "त्यात काय एवढं" असं कुणीही म्हटलं तरी तो राग गिळू नका.

पण लपवणं हा एक प्रश्न आहे आणि आजार हा दुसरा, आणि तुमच्या घरात या दोन्हींचा गुंता झाला आहे. वडील पहिलाच धरून बसलेत, सासूबाई दुसरा मुळात नाहीच म्हणतात. तुम्ही आधी आजाराचं बघा. रागाला महिनाभर थांबता येईल. आज रात्रीची गोळी थांबणार नाही.

आता गौरीच्या त्या रात्रीकडे जरा माझ्याबरोबर बघा. तुम्ही बिल आणि पाकीट दोन्हींचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण त्यात उत्तर आहे. तीन आठवडे म्हणजे २१ दिवस. रोज दोन म्हणजे ४२ गोळ्या जायला हव्या होत्या. गेल्या १९. निम्म्याही नाहीत. तुम्ही बी.कॉम. आहात, हा हिशेब तुमच्या आधीच लक्षात आला असेल. पण तो असा का झाला? तुमच्या घरात स्वयंपाकघरात दिवसभर तुम्ही किंवा सासूबाई असता. नव्या नवरीसमोर घरचा कर्ता पुरुष रोज दोनदा तांदळाच्या डब्यात हात घालायला लागला तर दिसणारच. मग ते तुमची पाठ वळायची वाट बघणार. सेकंड शिफ्टहून रात्री बारानंतर आले की तुम्ही ताट वाढून बसलेल्या, म्हणजे ती गोळी गेली. आणि गौरीचे ते दिवस? घर पाहुण्यांनी भरलेलं, स्वयंपाकघरात बायकांची गर्दी, पुरणाचं, सोळा भाज्यांचं चाललेलं. त्या दिवसांत त्यांना तो डबा उघडताच आला नसणार. त्यात दोन रात्री मांडवात जागरण.

अपस्मार म्हणजेच मिरगी असलेल्या माणसाला फिट येण्याची दोन सगळ्यात नेहमीची कारणं म्हणजे चुकलेली गोळी आणि अपुरी झोप. त्या पहाटे दोन्ही एकत्र आली. म्हणून मला वाटतं, त्यांचा आजार हाताबाहेर गेला असं धरून बसू नका. औषध लागू पडत नाही, असंही या एका फिटवरून म्हणता येणार नाही. ते पोटात गेलंच नव्हतं. लपवलेली गोळी चुकतेच, ताई. माणूस कितीही नीट असो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला, माझं आजोळ. मोठ्या मामांना विशीपासून फिट यायची. लग्न ठरताना आजोबांनी सांगितलं नव्हतं, आणि लग्नानंतर मामा गोठ्यात जाऊन, कडब्याच्या पेंढीत खोचून ठेवलेली गोळी घ्यायचे. पावसाळ्यात कधी ओल लागायची, कधी पेंढीच गुरांपुढे जायची. वर्षात चार-पाच फिट ठरलेल्या. मामीला कळलं तेव्हा तिनं काय केलं ते मला आईनं सांगितलं होतं, आणि पुढे मी डोळ्यांनी पाहिलं. तिनं ती बाटली गोठ्यातून आणून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाच्या चौकटीत मामांनी गोळी घेतली की ती कुंकवाचं बोट लावायची. सकाळचं एक, रात्रीचं एक. महिना संपला की ते पान तिच्या ट्रंकेत जायचं आणि साताऱ्याला डॉक्टरांकडे जाताना पिशवीतून निघायचं. बोट नसलेली चौकट लांबूनही दिसायची. एका वर्षी मामा वारीला गेले, लोणंदच्या मुक्कामात गोळ्यांची पिशवी कुठेतरी राहिली आणि तरडगावच्या वाटेवर पडले. तेव्हापासून मामीनं त्यांच्या बंडीला आतून खिसा शिवला, चार दिवसांच्या गोळ्या मावतील एवढा. मामा चौऱ्याहत्तर वर्षं जगले, शेवटची कित्येक वर्षं एकही फिट न येता.

आता सासूबाईंच्या "आलेख नॉर्मल आला" याकडे येते, कारण बऱ्याच घरांत याच वाक्यावर औषध बंद पडतं. मेंदूचा आलेख म्हणजे ईईजी. डोक्याला वीसेक तारा चिकटवतात आणि अर्ध्या-पाऊण तासात मेंदूतल्या विजेच्या लाटा टिपतात. त्यात शॉक वगैरे काही देत नाहीत. पण तो टिपतो तेवढाच वेळ टिपतो. माणूस त्या अर्ध्या तासात बरा असेल, तर आलेख बरा येऊ शकतो. अपस्मार असलेल्या सुमारे निम्म्या लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून डॉक्टर कधी रात्री जागवून, झोपेतला आलेख पुन्हा काढतात. निदान मुख्यतः फिट कशी आली, याच्या वर्णनावर होतं. चोवीस तासांहून जास्त अंतरानं, ताप किंवा साखर उतरणं असं तात्कालिक कारण नसताना दोन फिट आल्या की सहसा अपस्मार मानतात. एकाच फिटनंतरही, तपासणीत पुढच्या फिटचा धोका मोठा दिसला, तर उपचार सुरू करतात.

मग तुम्ही काय करायचं? त्यांना घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे, न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं. तुम्ही तर मिरजेच्या दाराशी आहात. मिरजेत मिशनचं रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. वानलेस यांच्या काळापासून कोकणातली, कर्नाटकातली माणसं उपचाराला मिरजेला येत आली आहेत, आणि तुम्हाला एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल. खर्चाची अडचण असेल तर मिरजेत आणि सांगलीत सरकारी रुग्णालयं आहेत. जाताना जुने सगळे कागद, गोळ्यांचं पाकीट आणि तुम्ही पाहिलेलं लिहून न्या. कारण ज्याला फिट येते त्याला स्वतःला काही आठवत नाही, पाहणाऱ्याचीच साक्ष कामाची. आधी ताठ झाले की आधी झटके? एका बाजूनं सुरू झालं का? मान कुठे वळली? किती वेळ चाललं? नंतर किती वेळ भान नव्हतं? लघवी झाली होती का? पुन्हा कधी आली, तर घरात दुसरं कुणी असेल त्याला मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना ती दोन मिनिटं कधी आलेखाहून जास्त सांगून जातात.

एमआरआय झाला आहे का ते पत्रात नाही. झाला नसेल तर डॉक्टर बहुधा सांगतील. मेंदूत जुना व्रण आहे का, गाठ आहे का, हे त्यात दिसतं. आपल्याकडे आणखी एक कारण बऱ्याचदा निघतं: पट्टकृमीच्या अंड्यांतून मेंदूत झालेली गाठ. डुकराचं मांस खाल्ल्यानंच हे होतं असा समज आहे. तसं नाही. ती अंडी न धुतलेल्या हातांतून, सांडपाण्यावर पिकलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात, आणि माळकरी घरातल्या माणसालाही हा त्रास होतो. कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चं खायचं तर भरपूर पाण्यात चोळून धुवायचं, एवढं सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवावं.

ईईजीला जाताना आदल्या दिवशी न्हाऊन केस कोरडे ठेवायचे, तेल लावायचं नाही. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या दिवसाची गोळी चुकवायची नाही. "आलेखात नीट दिसावं म्हणून" लोक आपल्या मनानं गोळी बंद करतात आणि रस्त्यातच फिट येते.

गोळ्यांबद्दल. "आयुष्यभर घ्यावी लागेल का?" हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि नीट निदान, नीट औषध मिळालं तर त्यातले सुमारे ७० टक्के फिटशिवाय जगू शकतात. ताप आला की तो उतरवणारी ही गोळी नव्हे. ती रोज फिट अडवून धरते. बांध असतो तसं: पाणी शिवारात शिरलं नाही म्हणजे बांधाची गरज संपली, असं आपण म्हणत नाही. निदान दोन वर्षं एकही फिट आली नाही, तर काही जणांची गोळी डॉक्टर महिनोन्‌महिने हळूहळू कमी करत थांबवतात. काहींना पुन्हा फिट येतात, मग परत सुरू करावी लागते. तो निर्णय डॉक्टरांनी आजाराचा प्रकार बघून घ्यायचा. एकदम बंद करणं मात्र धोक्याचं. त्यातून एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात.

एखादी गोळी राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत, आणि अशा वेळी नेमकं काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून आणायचं. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी दुसरं आणायचं. मेडिकलवाल्यानं "हीच आहे, कंपनी वेगळी" म्हटलं तर डॉक्टरांना फोन करून विचारायचं. या आजारात एकाच कंपनीची गोळी चालू ठेवलेली बरी. व्हॅल्प्रोएटनं वजन वाढणं, हात थरथरणं, केस गळणं होऊ शकतं. यकृताची आणि रक्तातल्या प्लेटलेट्सची तपासणी डॉक्टर अधूनमधून सांगतील ती टाळू नका. त्रास झाला तर गोळी बदलता येते, पण तो बदल डॉक्टरांकडून व्हावा.

देवऋष्याचं म्हणाल तर अंगारा कपाळाला लावल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, आणि मावससासूबाईंच्या मनाला धीर येत असेल तर त्यावरून घरात भांडण नको. पण "गोळ्या बंद कर" असं जिथे सांगतात तिथून त्याच पावली मागे फिरा. तसंच "मिरगीवर रामबाण" म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या. अशा पुड्यांत फेनोबार्बिटोन हे फिटचंच जुनं औषध मोजमापाशिवाय मिसळलेलं सापडलं आहे. पुडी लागू पडते ती त्यामुळे, आणि पुडी संपली की माणूस जोरात पडतो.

झोपेकडे मला जरा जास्त वेळ द्यायचा आहे, कारण तुमच्या घरात खरी अडचण तिथे आहे. एक आठवडा पहिली शिफ्ट, मग दुसरी, मग रात्रपाळी, आणि घरी आल्यावर शेतीची लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात दोन वाजता नदीकाठी मोटर चालू करायला जाणं. हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून टाकलंय, पण डॉक्टरांना हे आधी सांगा. बदलत्या शिफ्टमध्ये झोपही तुटते आणि गोळीची वेळही हलते. न्यूरॉलॉजिस्टकडून रात्रपाळी नको असं पत्र घ्या आणि कारखान्यात दाखवा. मला माहीत आहे, यात नोकरीची धास्ती आहे. तरीही त्यांनी निदान एका विश्वासू सुपरवायझरला आणि शेजारी काम करणाऱ्या सोबत्याला सांगावं. फिरत्या यंत्राशी, भट्टीशी किंवा उंचीवर काम असेल तर ते बदलून मागावं. रात्रीची मोटर दिरांनी किंवा शेजारच्या वाटेकऱ्यानं चालू करावी. नदीच्या काठावर, पाण्यात पाय, हातात विजेचा स्विच आणि अर्धवट झोप, हे त्यांच्यासाठी फार वाईट. पोहायचं असेल तर पट्टीचं पोहणारं कुणी सोबत हवं, आणि सध्या नकोच. बाथरूमची कडी आतून लावू नये, दार नुसतं लोटावं.

मोटारसायकलही सध्या बंद. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत बसनं किंवा कुणाच्या मागे बसून जावं. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये अपस्माराबद्दल सरळ प्रश्न असतो, तिथे खोटं लिहिणं कायद्यानंही अंगाशी येतं. पुरुषाची गाडी काढून घेतली की त्याला अपमान वाटतो, हे मी जाणते. तुम्ही "तुम्हाला झेपणार नाही" असं म्हणू नका. "अंकलीच्या पुलावर तुम्हाला काही झालं तर मला कोण सांगणार?" असं विचारा.

बाकी गोष्टी थोडक्यात. दारू पूर्ण बंद, विशेषतः रात्री भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी उतरते तेव्हा फिट येण्याचा धोका मोठा. ताप आला की लगेच उपचार. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं तरी फिटची गोळी चालू असल्याचं सांगायचं, कारण ट्रॅमॅडॉलसारखी वेदनाशामकं आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स फिट आणू शकतात. नवरात्राचे नऊ दिवस उपास ते धरत असतील तर डॉक्टरांना विचारा. काहींना दीर्घ उपाशीपोटी राहणं सोसत नाही, आणि उपास असला तरी पाण्याबरोबर गोळी घेतल्यानं तो मोडत नाही, हे सासूबाईंच्या तोंडून आलं तर जास्त पटेल. मांडवातल्या लखलखत्या दिव्यांचं लोक फार बोलतात. अपस्मार असलेल्या शंभर जणांत दिव्यांच्या लखलखाटानं फिट येणारे सुमारे तीनच असतात. मिरवणुकीत दिव्यांपेक्षा रात्रभरचं जागरण जास्त घातक. कुणाला डोक्यावर कढत पाणी ओतून न्हाताना फिट येते. कर्नाटकाच्या बाजूला हा प्रकार डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तुमच्याकडे असं काही नाही, पण कुणा वाचकाच्या घरी असेल तर कोमट पाणी वापरून बघावं आणि डॉक्टरांना सांगावं. बायकांना पाळीच्या आसपास फिट वाढतात का, तेही तारखेसह नोंदवून ठेवावं.

आता चमचा. सासूबाईंवर रागावू नका, त्यांना त्यांच्या सासूनं तेच शिकवलं असेल. पण पुढच्या वेळी तोंडात काहीही घालायचं नाही. चमच्यानं दात तुटतो, तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ गिळली जात नाही. कांदा, चप्पल, हातात किल्ल्या, यातल्या कशानंच फिट थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते, आणि त्याच वेळी नाकाशी कांदा असतो म्हणून श्रेय त्याला मिळतं. तुम्ही एवढंच करा: आजूबाजूचं टोकदार, गरम काही असेल ते दूर करा, डोक्याखाली उशी किंवा घडी केलेली ओढणी, शर्टाचं वरचं बटण सैल, आणि त्यांना कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल. हातपाय दाबून धरू नका. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, पाण्यात पडले, डोक्याला लागलं किंवा श्वास नीट वाटला नाही, तर १०८ ला फोन लावा. लांबलेल्या फिटसाठी नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे मिळतो. तो तुमच्या घरी ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. रात्री झोपेतल्या मोठ्या फिट वारंवार येत राहिल्या तर क्वचित जीवाचा धोकाही असतो. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. गोळी का चुकू द्यायची नाही, ते घरातल्या सगळ्यांना एकदा नीट कळावं म्हणून लिहिते.

मुलांचं विचारलंत. अपस्मार असलेल्या आईवडिलांची बहुतेक मुलं निरोगीच असतात. धोका इतरांहून थोडा जास्त असतो, आणि आजार वडिलांना असेल तर आईला असण्यापेक्षा कमी. आजाराचं कारण काय, यावरही ते ठरतं, म्हणून आधी तपासणी. मूल ठरवण्यापूर्वी दोघांनी डॉक्टरांशी बोलायचंच. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या पुरुषांबाबत युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये खबरदारीची सूचना दिली आहे. त्यावरून घाबरून गोळी बंद करू नका, नुसतं विचारा. इथे दुसऱ्या वाचक मैत्रिणींसाठी एक ठळक गोष्ट सांगून ठेवते. तुम्ही स्वतः व्हॅल्प्रोएट घेत असाल आणि मूल हवं असेल, तर गर्भ राहण्याच्या आधी, नंतर नव्हे, डॉक्टरांना भेटा. गरोदरपणात हे औषध घेतल्यास साधारण दहात एका बाळात जन्मजात दोष आढळतो, आणि मुलाच्या बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. बहुतेकींना दुसरी गोळी देता येते. मात्र दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून स्वतःच गोळी थांबवणं आईच्या आणि बाळाच्या, दोघांच्याही जीवावर बेतू शकतं.

राहू की जाऊ, हे मी सांगणार नाही. पण वडील जे म्हणतात त्यातलं कायद्याचं तेवढं स्पष्ट करते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनंतर वारंवार येणारे अपस्माराचे झटके लग्नाच्या आड येत होते. १९९९ च्या दुरुस्तीत अपस्मार त्या यादीतून काढला. म्हणजे नुसता आजार आहे म्हणून लग्न रद्द होत नाही, आणि ते मला न्याय्य वाटतं. महत्त्वाची बाब लपवून संमती घेतली, ही तक्रार मात्र वेगळी. त्यासाठी कलम १२ आहे, आणि फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. ती कोर्टात टिकेल की नाही हे वकीलच सांगू शकतील. कळल्यावर तुम्ही राजीखुशीनं संसार चालू ठेवला का, हेही तिथे बघतात, म्हणून विचार करत असाल तर सल्ला आजच घ्या, निर्णय सावकाश घ्या. वकिलाला भेटलात म्हणजे नवऱ्याला सोडलंत, असं होत नाही.

माझं मत विचाराल तर सांगते. त्या माणसाचं गप्प राहणं मला निबरपणाचं वाटत नाही. बारावीपासून ज्याला घरच्यांनी "कुणाला सांगू नकोस" हेच शिकवलं, त्याला अकरा-बारा वर्षांनी बायकोसमोर तोंड उघडणं जड जातंच. लपवण्याचा दोष त्यामुळे पुसला जात नाही. पण तुम्ही तपास त्यांच्या पुढच्या वागण्यावरून करा, झाल्या गोष्टीवरून नव्हे. गोळी तुमच्यासमोर घेतात का? डॉक्टरांकडे तुम्हाला आत नेतात का? विचारल्यावर खरं सांगतात का, पहिली फिट कुठे आली, शाळेत पोरं काय म्हणाली? चार-सहा आठवड्यांत तुम्हाला कळेल. ते गप्पच राहिले, गोळी परत डब्यात गेली, सासूबाईंनी तुमच्यावरच पायगुणाचा ठपका ठेवला, तर वडिलांचं घर आहेच, आणि तिथे जाण्यात तुमचा काही कमीपणा नाही.

बोलायला सुरुवात कशी करू, असं तुम्ही विचारलंय. "तुम्ही मला फसवलंत" हे तुम्हाला म्हणायचंच आहे आणि म्हणाही, पण ते पहिलं वाक्य नको. रात्री जेवणं झाल्यावर ते पाकीट आणि एक तांब्या पाणी त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, "आजची घेतली का?" एवढंच. पुढचं बहुधा तेच बोलतील. मग पाकीट डब्यात परत ठेवू नका. फडताळात, चहासाखरेच्या शेजारी ठेवा, जिथे रोज दोनदा सगळ्यांचा हात जातो.

आणि मिरजेला जाल त्या दिवशी सासूबाईंनाही बरोबर घ्या. त्या नको म्हणतील, तरी घ्या. डॉक्टर विचारतील, बाळंतपण अडलं होतं का, लहानपणी तापात कधी झटके आले होते का, डोक्याला मार लागला होता का, पहिली फिट नेमकी कशी आली. हे त्या घरात एकट्या त्यांनाच ठाऊक आहे.